कनातीबाहेरचा सिनेमा

माझ्या महादेवी आत्यानं तो सिनेमा कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, आणि तो तिला अख्खा पाठ होता.

रेणापूरला आजोबांचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर आणि घराच्या मागं पडीक रान. देवीची यात्रा आली की त्या रानात टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. यात्रा संपली की तंबू दुसऱ्या गावाला जायचा. एका वर्षी मात्र तो गेलाच नाही. मालकाची मालमोटार बिघडली म्हणून म्हणा, पुढच्या सिनेमाच्या पेट्या आल्या नाहीत म्हणून म्हणा, तंबू तिथंच राहिला आणि रोज संध्याकाळी तोच एक सिनेमा लागत राहिला. आधी गावानं बघितला, मग आसपासच्या खेड्यांनी गाड्या जुंपून येऊन बघितला. लोक रडत बाहेर पडायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे.

आजोबा कडक. लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी न घेणारे. घरच्या बायामुलींनी तंबूत पाय ठेवायचा नाही, हे त्यांनी एकदाच सांगितलं होतं आणि परत सांगायची गरज पडली नव्हती. पण आवाजाला कनात कुठं अडवते? बारा-तेरा वर्षांची आत्या मागच्या दारात बसून ज्वारी निवडायची, आणि सगळा सिनेमा तिच्या कानात पडायचा.

आमच्या घरात त्याला तुळसाचा सिनेमा म्हणत. तुळसा नावाडी केरबाशी लग्न करते. केरबा पोटासाठी मुलूख सोडून जातो, तो परत येत नाही. सासू तिला घराबाहेर काढते. तुळसा नदीच्या घाटावर राहते आणि रोज गाणं म्हणते, ‘पाण्या रे पाण्या, जाशील तिकडं, त्याला सांग माझं दार उघडं.’ हे गाणं सिनेमात तीनदा होतं. शेवटी गाणं थांबायचं. थोडा वेळ काही नाही, नुसती मशीनची घरघर. मग लांबून केरबाची हाक यायची, ‘तुळसा! अगं तुळसा, मी आलो!’ परत मशीनची घरघर. आणि मग सनई.

आत्या ज्वारीत हात तसाच ठेवून ती सनई ऐकायची. केरबा आला. दोघं भेटली. इतक्या वर्षांनी भेटल्यावर माणसं काय बोलणार, म्हणून बोलणं नाही. असं तिनं स्वतःशी लावून घेतलं होतं, आणि त्यात तिला कधी शंका आली नाही.

पुढं ती उदगीरला दिली. नवरा शिवमूर्ती, धान्याच्या मोंढ्यात चुलत्याच्या आडतीवर बसायचा. गोरा, कमी बोलणारा. संसार वर्ष-दीड वर्षाचा झाला असेल, तेवढ्यात तो तुरीच्या खरेदीला म्हणून गुलबर्ग्याला गेला आणि परत आला नाही. चुलत्यानं माणसं पाठवली. कुणी सांगितलं हैदराबादला बघितला, कुणी सांगितलं सोलापूरला. सासूनं वाट पाहिली, मग सून पांढऱ्या पायाची निघाली म्हणून तिला रेणापूरला आणून सोडली. तोवर आजोबा वारले होते. माझे वडील, म्हणजे गुरुलिंगअप्पा, दुकान मोडून लातूरला यायच्या तयारीत होते. ते आत्यालाही घेऊन आले.

लातूरला आत्या डाळमिलमध्ये लागली. तूर पाखडायची, डाळ निवडायची. डाळीच्या चुनीच्या धुरळ्यात बायांची रांग बसलेली असायची, आणि त्या रांगेत आत्याचा आवाज. मी लहान असताना अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, दिलेली भाकरी घेऊन मिलवर जायची, तेव्हा लांबूनच कळायचं आत्या कुठं बसली आहे ते. ती बायांना तुळसाचा सिनेमा सांगायची. एकटी सगळ्यांचे आवाज काढायची, सासूचा किरटा, केरबाचा घोगरा. आणि शेवटाला केरबा आला, त्यानं तुळसाला घाटावरून उचलून नावेत बसवलं, असं सांगून सूप आपटायची. धुरपताबाई म्हणून एक म्हातारी होती. ती एकदा म्हणाली, “महादेवी, माझ्या नणंदेनं बघितलाय तो शिणेमा. ती म्हणती लई वाईट शेवट हाय.” आत्या तिच्यावर अशी उसळली की म्हातारीनं परत विषय काढला नाही. “तुझी नणंद झोपली आसंल,” म्हणाली. “मी रोज ऐकलाय.”

आत्याला दुसरं स्थळ आलं होतं, हे मला अव्वाकडून कळलं. मी तेव्हा पाळण्यात होते. औशाचे मलप्पा, बायको बाळंतपणात गेलेली, कापडाचं दुकान, शांत माणूस. आमच्यात दुसरं घर करायला कुणी नावं ठेवत नाही. मलप्पा स्वतः येऊन ओसरीवर बसले. अप्पा आत येऊन आत्याला म्हणाले, “हो म्हण. माणूस चांगला हाय.” आत्यानं दाराआडूनच उत्तर दिलं, “आणि ते आले म्हंजी मी काय सांगू?” मलप्पांनी चहा संपवला, उठले, गेले.

लातूर जिल्हा झाला आणि गावाचं रूप पालटलं. कचेऱ्या आल्या, साहेब आले, जीपगाड्या आल्या. मला टंकलेखक म्हणून नोकरी लागली. आत्यानं मिलमध्ये पेढे वाटले. पण जिल्हा झाल्यावर चार-एक वर्षांत पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. नळाला पाणी कधी येईल याचा नेम राहिला नाही. टँकर आला की गल्लीतल्या बाया घागरी घेऊन पळायच्या. मिलमध्ये तूर येईना, तर आठवड्यातले निम्मे दिवस मिल बंद. आत्या घरी बसून राहायची, आणि घरी ती गात नसे. अव्वाला आवडायचं नाही.

त्या उन्हाळ्यात मुंबईची एक नाटक कंपनी येणार असं ऐकू आलं. तुळसाच्या सिनेमाचं संगीत नाटक केलेलं, गाणी तीच, वाजवणारे समोर बसणार. उत्पन्न दुष्काळग्रस्तांच्या मदतीला. आमच्या ऑफिसातल्या लोकांना तिकिटं खपवायला दिली होती. दोन मी घेतली.

घरी येऊन आत्याला सांगितलं तर ती भांडी घासता घासता थांबली.

“तुळसाचा?”

“हाव आत्या. गाण्यांसकट.”

“दिसंल?”

“दिसंल म्हणजे? समोरच बसायचं की.”

तिनं राखेचे हात तसेच पदराला पुसले. मग अप्पांकडं बघितलं. अप्पा दारात बसून पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही. “काय करायचं जाऊन,” एवढंच म्हणाले. “गर्दी आसंल.”

“म्या जाणार,” आत्या म्हणाली.

त्या दिवशी तिनं पेटीतलं हिरवं इरकल नेसलं. लग्नातलं. घड्यांवर विरलेलं होतं. कपाळाला विभूती, त्याखाली कुंकू. मी तिला इतकी नीटनेटकी कधी पाहिली नव्हती. ऊन कलल्यावर आम्ही निघालो. रस्त्यात टँकरमागं घागरींची रांग लागली होती. ओळखीच्या बाया विचारत होत्या, “कुठं निघालीस गं महादेवी?” ती सांगत होती, “पिच्चर बघायला.” नाटक म्हणालीच नाही.

मैदानावर मंडप होता. धुळीवर सतरंज्या, मागं खुर्च्या. आम्ही खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत बसलो. शेजारी एक पिकल्या मिशांचे गृहस्थ होते, मोंढ्यातले आडते असावेत. पडदा वर गेला आणि पेटी वाजली, तशी आत्यानं माझं मनगट धरलं.

पहिला अंक ती नुसती हसत होती. प्रत्येक वाक्य नटाच्या आधी तिच्या ओठांवर येत होतं. तुळसाचं काम करणारी बाई वयानं थोराड होती, पण आवाज गोड होता. “माझी तुळसा काळीसावळी हाय,” आत्या माझ्या कानात म्हणाली, “पण चालंल.” सासू आली तेव्हा ती खुर्चीत पुढं सरकून बसली. केरबा निघून गेला तेव्हा आसपासच्या बाया डोळे पुसत होत्या, आणि आत्या मात्र त्यांच्याकडं बघत होती, पुढचं माहीत असलेलं माणूस बघतं तसं.

शेवटच्या प्रवेशात नदी होती. निळं तलम कापड अख्ख्या रंगमंचावर पसरलेलं आणि दोन्ही कडांनी माणसं ते हलवत होती. वरून निळा उजेड. खरंच पाणी वाहतंय असं वाटत होतं. मागून कुणीतरी ओरडलं, “आरं, आमच्या गल्लीत सोडा की थोडं!” सगळा मंडप हसला. हसू विरलं आणि तुळसानं गाणं सुरू केलं, ‘पाण्या रे पाण्या.’ आत्याही गाऊ लागली, अगदी हळू. कुणी तिला गप्प केलं नाही.

गाणं संपलं. आत्या मला म्हणाली, “आता येतो बघ.”

तुळसानं घागर पायरीवर ठेवली. हातातल्या बांगड्या काढून घागरीच्या तोंडावर ठेवल्या. आणि ती त्या निळ्या कापडात उतरली. गुडघ्याएवढी, कमरेएवढी, गळ्याएवढी. कापड हलत राहिलं. मग तिच्या डोक्यावरून गेलं आणि सपाट झालं.

तेव्हा विंगेतून हाक आली, “तुळसा! अगं तुळसा, मी आलो!” केरबा धावत घाटावर आला. घागर दिसली. बांगड्या दिसल्या. तो पायरीवर बसला. आणि सनई सुरू झाली.

लोक टाळ्या वाजवत होते. बाया हुंदके देत होत्या. आत्याचा हात माझ्या मनगटावरून गळून पडला होता. ती पडद्याकडं बघत राहिली, मग शेजारच्या गृहस्थांकडं वळली.

“अवो मामा, तुमी सिनेमा बघितला होता का?”

“हाव. रेणापूरच्या तंबूतच बघितला की.”

“त्यात बी आसंच?”

“आसंच. त्यात खरी नदी होती, यवढंच. का ओ?”

“काय न्हाई,” आत्या म्हणाली.

आम्ही घराकडं निघालो. मी आपलं काहीबाही बोलत होते, गाणी छान झाली, सासूचं काम छान झालं. ती माझ्या मागून चालत होती. घरी आल्यावर इरकलाची घडी घातली, पेटीत ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांची पूजा झाल्यावर ती त्यांच्यासमोर येऊन बसली. मी ऑफिसला निघत होते. अव्वा चुलीपाशी.

“अण्णा, मठातल्या स्वामींना सांगावा धाड,” आत्या म्हणाली. “त्येंचं करून घिऊ.”

“कुणाचं?”

“त्येंचं. उदगीरच्यांचं. किती वर्सं झाली. मेल्याबिगर कोण यवढं थांबतंय? काय असतंय ते स्वामींच्या हातून करून घिऊ, मी कुंकू पुसते. उगं अर्धवट कशाला.”

अप्पा तिच्याकडं बघेनात. विभूतीची डबी उघडत होते, मिटत होते. “जित्या माणसाचं कुणी करत असतंय का?”

“जिता हाय म्हणून कोण सांगितलं?”

चुलीपाशी अव्वाचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी तिनं उलटली नाही. “सांगा आता,” ती म्हणाली. “किती दिवस पोटात ठेवणार?”

मग अप्पांनी सांगितलं. माझ्या जन्माच्या आधी ते तुरीच्या सौद्याला गुलबर्ग्याला गेले होते. तिथं बाजारात एका दुकानात शिवमूर्ती बसलेला त्यांनी पाहिला. दुकान त्याचंच. मागं घर. दारात एक बाई लेकराला पाजत बसलेली. शिवमूर्तीनं अप्पांना ओळखलं. पळाला नाही. पाणी दिलं. म्हणाला, “माझं चुकलं. तिला मी मेलो म्हणून सांगा.” अप्पांनी पाणी न पिता तांब्या खाली ठेवला आणि परत आले.

“आन् सांगितलं का न्हाईस?” आत्यानं विचारलं. आवाज चढला नव्हता.

“मेला म्हणून कसं सांगू? जित्या माणसाच्या बायकोचं कुंकू पुसायला लावू? आन् जिता हाय म्हणून सांगावं, तर तू तिथं जाऊन त्याच्या दारात बसली असतीस.” अप्पांनी डबी खाली ठेवली. “तू गात होतीस, महादेवी. मिलमधून येताना बी गात यायचीस. म्हणलं, गाती हाय तवर गाऊ द्यावं.”

आत्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. ती मनात काहीतरी जुळवत होती, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

“मलप्पा आले होते,” ती म्हणाली. “औशाचे. ते तुझ्या गुलबर्ग्याच्या आधी का मागून?”

अप्पांनी डबी परत हातात घेतली.

“अण्णा, मी इचारायलेय.”

“मागून.”

“म्हंजी तुला ठाव होतं.”

“मी तुला म्हणलो होतो, हो म्हण म्हणून. तूच—”

“म्हणलास. पर का म्हणून, ते न्हाई सांगितलंस.” ती उठली. “सगळ्यांनी बघितला तो पिच्चर. तू बघितलास, वैनीनं बघितला. मीच तेवढी कनातीबाहेर.”

अप्पा रडायला लागले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांची दया येत होती आणि राग पण. आत्यानं आपली पेटी ओढून बाहेर काढली. अव्वा आडवी आली, “ह्या दुष्काळात कुठं जाशील गं,” म्हणाली. आत्यानं तिला बाजूला केलं. ओढूनताणून नाही, हलक्या हातानं.

मिलच्या मागं बायांसाठी पत्र्याच्या खोल्या होत्या. त्यातल्या एकीत धुरपताबाईबरोबर ती राहायला लागली. उन्हानं पत्रा असा तापायचा की दुपारी आत बसवत नसे. दोघी बाहेर, मिलच्या भिंतीच्या सावलीत बसायच्या. मी ऑफिस सुटल्यावर जायची, कधी भाजी, कधी कळशीभर पाणी घेऊन. पाणी ती घ्यायची. घरचं काही विचारायची नाही. मी एकदा चौकशी केली होती, मलप्पांनी पुढं लग्न केलं होतं आणि ते आदल्या वर्षीच वारले होते. हे तिला सांगावं की नाही ते मला समजेना. शेवटी सांगितलं. घरात न सांगण्याचं काय झालं ते मी पाहिलं होतं.

“चांगला माणूस होता,” ती म्हणाली. “चहा निवून गेलता त्येचा, तरी सगळा पिला.”

गुलबर्ग्याला जायचं का, असंही मी विचारलं. कचेरीतल्या ओळखीनं पत्ता काढता आला असता. ती म्हणाली, “कशाला? त्या बाईला कशाला तरास?” त्यानंतर तो विषय संपला.

स्वामींना बोलावलं नाही. कुंकू तिनं ठेवलं. लावायचं म्हणून लावायची, आरशात न बघता, त्यामुळं ते कधी डावीकडं जायचं, कधी उजवीकडं. मिलमध्ये तूर आली तर ती पाखडायला बसायची. बाया म्हणायच्या, महादेवी, म्हण की काहीतरी. ती म्हणायची, मशिनीचा आवाज लई झालाय, काय ऐकू येणार हाय.

अप्पा दर सोमवारी सिद्धेश्वराच्या देवळाबाहेर उभे राहायचे. ती तिथं यायची हे त्यांना माहीत होतं. ती त्यांना बघून मागल्या बाजूनं निघून जायची. तरी ते जायचे. पाऊस पडला, दुष्काळ हटला, नळाला पाणी आलं, तरी त्यांचं हे चालूच होतं.

मग एका सकाळी अप्पा पूजेला बसले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी मिलवर जाऊन सांगितलं. आत्यानं सूप खाली ठेवलं आणि माझ्याबरोबर निघाली, पेटी घ्यायलाही थांबली नाही.

तिनं त्यांचं सगळं केलं. अंग पुसणं, कूस बदलणं, चमच्यानं पेज भरवणं. अप्पांच्या तोंडातून नुसते आवाज निघायचे. ते तिच्याकडं बघत काहीतरी सांगायचा प्रयत्न करायचे, आणि ओठ वाकडे व्हायचे. ती थांबायची, ऐकून घ्यायची, मग तोंड पुसून पुढचा चमचा भरायची. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. एकदा अव्वानंच काकुळतीनं म्हटलं, “महादेवी, एक शब्द बोल की गं त्यांच्याशी.” आत्या म्हणाली, “काय बोलू ते सुचत न्हाई, वैनी.” आणि तिचा चेहरा असा होता की ती खरं सांगत होती.

अप्पा दिवाळीच्या आधी गेले. त्यानंतर आत्या परत पत्र्याच्या खोलीत गेली नाही. धुरपताबाई मुलाकडं भोकरला निघून गेली होती, आणि अव्वाला आता घागर उचलत नव्हती. माझं लग्न होऊन मी नांदेडला गेले. महिना-दोन महिन्यांनी यायची तेव्हा त्या दोघी ओसरीवर बसलेल्या दिसायच्या, मध्ये डाळीचं ताट. मोतीबिंदूमुळं आत्याला खडे दिसत नव्हते, तरी बोटांनी निवडत बसायची.

“महादेवी, जेवलीस का?” अव्वा विचारायची.

“हाव,” आत्या म्हणायची, जेवलेली नसली तरी, अव्वानं परत चुलीपाशी उठू नये म्हणून.